नाताळात मनाली की फेब्रुवारीत गुलमर्ग? बर्फाच्या सहलीची तारीख ठरवताना

सांगलीहून एका गृहस्थांनी विचारले आहे की, घरात पती-पत्नी, चौथीत शिकणारी नऊ वर्षांची मुलगी आणि रक्तदाबाची गोळी घेणारी अडुसष्ट वर्षांची आई अशी चार माणसे आहेत. आजवर कोणीच बर्फ पाहिलेला नाही. मुलीच्या शाळेला नाताळची आठ दिवस सुटी आहे आणि मेहुण्यांचा आग्रह मनालीचा आहे. तेव्हा नाताळात मनालीला जावे, काश्मीरला जावे की आणखी कुठे, आणि तिथे बर्फ नक्की मिळेल का?

गेली बावीस वर्षे मी पुण्याहून हिवाळ्यात हिमालयात माणसे नेतो आहे आणि या प्रश्नातला ‘नक्की’ हा शब्द मला दरवर्षी ऐकावा लागतो. त्यामुळे उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. शाळेतून चार-पाच दिवसांची रजा मिळत असेल, तर नाताळ सोडून द्यावा आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात श्रीनगर व गुलमर्ग असा सहा रात्रींचा बेत करावा, ज्यात एक संपूर्ण दिवस कुठलाही कार्यक्रम न ठेवता मोकळा सोडलेला असेल. मुलगी चौथीत आहे, दहावीत नाही. ही रजा आणखी पाच-सहा वर्षांनी मिळणार नाही, आज मिळेल. सुटी हलवणे अशक्यच असेल, तर मेहुण्यांचे ऐकून मनालीला जायला हरकत नाही, पण बहुतेक लोक ज्या पद्धतीने जातात त्या पद्धतीने जाऊ नये.

पहिली अडचण आपल्या भाषेतच आहे. फ्रीजमधला, उसाच्या रसातला, गोळेवाल्याच्या रंध्यावरचा आणि हिमालयातला, अशा सगळ्यांना आपण बर्फच म्हणतो, आणि ‘बर्फ पाहायचा आहे’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या इच्छा दडलेल्या असतात. कोणाला पडून राहिलेला, पांढरा शुभ्र, लोळता येईल असा बर्फ हवा असतो. कोणाला तो आकाशातून भुरभुरताना पाहायचा असतो. आणि कित्येकांना, विशेषतः घरातल्या ज्येष्ठांना, मनातून फक्त छान कडाक्याची थंडी, रजई आणि वाफाळता चहा एवढेच हवे असते. या तिन्हींसाठी वेळ निराळी आणि जागाही निराळी लागते. पडून राहिलेला बर्फ हा उंचीचा आणि साठत गेलेल्या आठवड्यांचा प्रश्न आहे, म्हणून तो हंगामाच्या उत्तरार्धात जास्त भरवशाचा असतो. पडणारा बर्फ हा नशिबाचा आणि मुक्कामाच्या लांबीचा प्रश्न आहे. थंडी मात्र डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून उत्तरेत कुठेही मिळते आणि तिच्यासाठी एवढा प्रवास करण्याचीही गरज नाही, हे पुढे सांगेनच.

हिवाळ्यात काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंड येथे जो बर्फ पडतो, तो मुख्यतः भूमध्य समुद्राच्या बाजूने, इराण-अफगाणिस्तान ओलांडून येणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणालींमुळे. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. चांगल्या हिवाळ्यात अशा चार-पाच प्रणाली महिन्याला येतात, पण सगळ्यांत दम नसतो. काही नुसते ढग आणून जातात. जी जोरकस असते, तिचा क्रम साधारण ठरलेला असतो: एक दिवस आभाळ भरून येते आणि थंडी उलट थोडी कमी झाल्यासारखी वाटते, मग एक-दोन दिवस बर्फ पडतो, आणि त्यानंतर तीन-चार दिवस निळेभोर आकाश व हाडे गोठवणारी रात्र. चार रात्रींच्या सहलीत हे चक्र तुमच्या तारखांमध्ये सापडेलच असे नाही. सहा-सात रात्रींत सापडण्याची शक्यता बरीच वाढते. आणखी एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी बर्फ पडतो, त्याच दिवशी रस्ते बंद होतात, विमाने रद्द होतात आणि रोपवे थांबतात. म्हणजे ज्यासाठी आपण गेलो, तेच मिळाले की ठरलेला कार्यक्रम कोलमडतो. मोकळा दिवस ठेवायचा तो याचसाठी.

डिसेंबरबद्दलचा भरवसा अलीकडे आणखी कमी झाला आहे. जानेवारी २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात गुलमर्गचे पठार पिवळ्या वाळक्या गवताने भरलेले होते, आणि खरा बर्फ महिना संपता-संपता आला. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीत गुलमर्गला होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. म्हणून फेब्रुवारीही हमी देत नाही हे मी कबूल करतो. पण डिसेंबरच्या अखेरीस हंगामाचा फारच थोडा बर्फ साठलेला असतो आणि फेब्रुवारीपर्यंत तीन-चार चांगल्या प्रणाली येऊन गेलेल्या असण्याची शक्यता असते, एवढा फरक जाणाऱ्याच्या बाजूने नक्कीच पडतो.

आता जागेविषयी. माझा सल्ला असा की, गावाचे नाव विचारण्याआधी त्याची उंची विचारावी. हवेत साधारण दर हजार मीटरला सहा ते साडेसहा अंशांनी तापमान उतरते. मनाली गाव सुमारे २,००० मीटरवर आहे, सोलांग त्याच्या वर अडीच हजारांच्या आसपास, आणि अटल बोगद्यापलीकडचे लाहौलमधील सिस्सू ३,१०० मीटरच्या घरात. म्हणजे मनालीच्या मॉल रोडवर तीन-चार अंश तापमानात थंडगार पाऊस पडत असतो, तेव्हा सिस्सूला त्याच ढगातून बर्फ पडत असतो. ‘आम्ही डिसेंबरात मनालीला गेलो आणि नुसते भिजून आलो’ असे म्हणणारे आणि ‘आम्हाला गुडघाभर बर्फ मिळाला’ असे म्हणणारे, दोघेही एकाच दिवशी तिथे होते आणि दोघेही खरे बोलत असतात. शिमला (सुमारे २,२०० मीटर) याच सीमारेषेवर आहे. तिथे नाताळच्या दिवशी बर्फ पडणे ही वर्तमानपत्रात छापून येण्याइतकी दुर्मीळ गोष्ट आहे, आणि बहुतेक पर्यटकांना बर्फासाठी कुफ्री किंवा नारकंडा गाठावे लागते. गुलमर्गचे पठारच २,६५० मीटरवर आहे, शिवाय तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदोरीला सुमारे ३,१०० मीटरपर्यंत आणि दुसरा अफरवटला ३,९०० मीटरच्याही वर नेतो. उंचीची ही शिडी एकाच ठिकाणी हाताशी असणे हा गुलमर्गचा खरा फायदा आहे. खाली नसला तर वर मिळतो.

नाताळातली मनाली मी का टाळायला सांगतो, ते एका संध्याकाळवरून सांगतो. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. तोवर हिवाळ्यात रोहतांगची खिंड बंद झाली की लाहौलचा रस्ताच संपत असे, त्यामुळे गर्दी सोलांगपर्यंतच येऊन थांबायची. आता नऊ किलोमीटरचा बोगदा ओलांडून प्रत्येकाला पलीकडचा बर्फ पाहायचा असतो, आणि पलीकडे जाण्यायेण्याचा रस्ता एकच. एका वर्षी नाताळच्या आसपास आम्ही सकाळी सिस्सूला गेलो होतो. दुपारी दोनला आभाळ काळवंडले, तीनला पहिल्या कणिका पडू लागल्या, आणि गाडीतल्या सगळ्यांनी खिडक्या उघडून टाळ्या वाजवल्या. पाच वाजता आमची टेम्पो ट्रॅव्हलर बोगद्याच्या मनालीकडच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर उभी होती आणि पुढे दिसेल तिथवर लाल दिवे होते. दिल्ली-हरियाणाच्या नंबरप्लेटच्या गाड्या चाकांना चेन न लावता चढून आल्या होत्या; त्यांतली एखादी उतारावर घसरून आडवी झाली की मागच्या शंभर गाड्या थांबत. आमचा चालक कुल्लूचा. तो खाली उतरला, सीटखालचे पोते काढून चाकापाशी अंथरले, त्यावर पाठ टेकून झोपला आणि उघड्या बोटांनी चेनची कडी अडकवू लागला. दर दोन मिनिटांनी बोटे तोंडात घालून ऊब द्यायचा आणि पुन्हा लागायचा. हॉटेलवर पोहोचायला रात्रीचे सव्वाबारा वाजले. गाडीत दोन आजी होत्या आणि शेवटचे चार तास लघवीला जायला जागा नव्हती. सहलीच्या जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या आणि पोलिसांना रात्रभर माणसे बाहेर काढावी लागली, ती बातमी आपण वाचली असेल.

तरीही नाताळच पक्का असेल तर तीन गोष्टी पाळाव्यात. मुक्काम मॉल रोडवर न घेता नग्गरच्या बाजूला, बियासच्या डाव्या तीरावर घ्यावा. गाव शांत आहे आणि आईंना उन्हात बसायला अंगण मिळते. बर्फाच्या दिवशी सकाळी सातच्या आत निघावे आणि दुपारी एकला, कितीही मजा येत असली तरी, गाडी उलटी वळवावी. आणि गाडी ठरवताना चालक स्थानिक आहे का व चेन गाडीत आहे का, हे दोनच प्रश्न विचारावेत; गाडीचे मॉडेल कुठले, हे नंतर. सिस्सूच्या बाबतीत आणखी एक सूचना आहे. जानेवारीच्या उत्तरार्धापासून तिथले गावकरी आपल्या हिवाळी सणांसाठी आणि देवकार्यासाठी काही आठवडे पर्यटन बंद ठेवतात. तो त्यांचा हक्क आहे. तारखा आधी विचारून घ्याव्यात आणि त्या काळात हट्ट धरू नये.

काश्मिरी लोकांनी हिवाळ्याचे स्वतःचे पंचांग केले आहे आणि तारीख ठरवायला ते आजही उपयोगी पडते. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे मोठा कडाका. त्यानंतर वीस दिवस चिल्लई खुर्द, आणि मग दहा दिवस चिल्लई बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांत श्रीनगरचे नळ गोठतात, दाल सरोवराच्या कडेला काचेसारखा थर धरतो, विजेचा लपंडाव चालू असतो आणि दिवस जेमतेम दहा तासांचा असतो. हा काळ पाहण्यासारखा आहे, पण धडधाकट माणसांनी. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे चिल्लई खुर्दात, थंडीचा दात थोडा बोथट झालेला असतो, दिवस जवळपास अकरा तासांचा होतो, नाताळची गर्दी व तिचे वाढीव दर ओसरलेले असतात, आणि गुलमर्गच्या पठारावर बर्फ बहुधा चांगल्या जाडीचा असतो. लहान मूल आणि ज्येष्ठ माणूस एकत्र असताना मला याहून चांगली वेळ ठाऊक नाही. २६ जानेवारीला जोडून सुटी घेण्याचा मोह मात्र टाळावा. त्या दिवसांत श्रीनगरमध्ये बंदोबस्त कडक असतो आणि तपासणी नाक्यांवर वेळ जातो.

बेत असा असावा. मुंबईहून श्रीनगर, पहिली रात्र तिथेच, काहीही न पाहता. हाऊसबोटीचे आकर्षण सगळ्यांना असते, पण हिवाळ्यात पाण्यावरची ओल रात्री अंगात शिरते. एक रात्र हौसेखातर ठीक आहे, बाकीच्या रात्री पक्क्या इमारतीत, आणि खोली गरम ठेवण्याची सोय कोणती, ती किती तास चालू राहते व तिचे वेगळे पैसे आहेत का, हे लेखी विचारूनच. काही जुन्या घरांत हमाम असतो, म्हणजे दगडी फरशीखाली लाकडे पेटवून तापवलेली खोली. आईंना तशी खोली मिळाली तर त्या संध्याकाळी तिथून हलणार नाहीत. मग दोन रात्री गुलमर्गला. इथे बहुतेक मंडळी पैसे वाचवण्यासाठी श्रीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. तसे करू नये. श्रीनगरहून निघून गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गला पोहोचेपर्यंत दहा-साडेदहा होतात. तिथे पुष्कळ बर्फ असेल तर आपली गाडी सोडून चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीत बसावे लागते, गमबूट-कोट भाड्याने घेण्यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि वर पोहोचून मुलगी जेमतेम एक बर्फाचा माणूस बनवते न बनवते तोच चालक घड्याळ दाखवू लागतो. रात्रीचा मुक्काम असेल तर दिवसाची गर्दी चारनंतर उतरून जाते आणि मग त्या पठारावरचा उजेड, शांतता, देवदारांच्या फांद्यांवरून मधूनच धप्पकन कोसळणारा बर्फाचा लोट, हे सगळे आपल्या एकट्याचे असते. खोल्या कमी आणि महाग आहेत, हे खरे. सहलीतला एकच खर्च वाढवायचा असेल तर तो इथे वाढवावा असे माझे मत आहे.

तंगमर्गच्या भाड्याच्या दुकानांविषयी दोन शब्द. गमबूट घेताना आत हात घालून पाहावा. ओला असेल तर सरळ परत करावा, कारण ओल्या बुटात अर्ध्या तासात बोटे बधिर होतात. जाड लोकरीच्या मोज्यासह एक माप मोठा बूट घ्यावा. वर पोहोचल्यावर स्लेजवाले, घोडेवाले, वाटाडे असे सगळे एकदम भोवती येतील. त्यांचा चरितार्थ यावरच आहे, त्यामुळे चिडू नये, पण दर आधी ठरवून, शक्य तर हॉटेलच्या माणसासमोर ठरवून, मगच बसावे. गोंडोलाची तिकिटे ऑनलाइन आधीच काढावी लागतात आणि हंगामात ती लवकर संपतात. आपल्यासाठी पहिला टप्पा पुरेसा आहे. दुसऱ्या टप्प्यावर वारा आणि हिमस्खलनाचा धोका असला की तो बंद ठेवतात. आणि चालू असला तरी, पठारावरून थोड्याच वेळात चार हजार मीटरच्या जवळ जाणे रक्तदाब असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या माणसासाठी मला योग्य वाटत नाही. तिथे जायचेच असेल तर पती-पत्नींपैकी एकाने मुलीला घेऊन जावे आणि एकाने आईंसोबत कोंगदोरीला चहा घ्यावा.

उरलेल्या दिवसांत पहलगाम किंवा सोनमर्ग यांपैकी एकच करावे. सोनमर्गला पूर्वी हिवाळ्यात सहसा जाता येत नसे. जानेवारी २०२५ मध्ये तिथला साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यापासून ते शक्य झाले आहे. तरीही त्या बाजूला हिमस्खलनाचे इशारे येत असतात, तेव्हा तो दिवस हवामान पाहून आदल्या संध्याकाळी ठरवावा. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक स्थळे बंद करून नंतर टप्प्याटप्प्याने उघडण्यात आली, त्यामुळे कोणते ठिकाण सध्या खुले आहे, याची चौकशी निघण्याच्या आठवड्यात पुन्हा करावी. भीती बाळगून बेत करावा असे मी म्हणत नाही, पण घरातल्या कोणाच्या मनाला हा बेत रुचत नसेल तर त्यांचे ऐकावे. सहल मनाविरुद्ध करायची गोष्ट नाही.

इतर पर्यायांचे थोडक्यात सांगतो. उत्तराखंडमधील औली सुंदर आहे, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यानंतर तिथला रोपवे बंद पडला, आणि ज्येष्ठांना घेऊन फक्त रस्त्याच्या भरवशावर तिथे जाण्याचा सल्ला मी देत नाही. सिक्कीममध्ये गंगटोकहून चांगू सरोवर (सुमारे ३,७५० मीटर) एका दिवसात होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे बर्फ मिळतो. परवाना लागतो, तो नोंदणीकृत एजंटमार्फत ओळखपत्र व फोटो देऊन आदल्या दिवशी काढतात. मात्र गंगटोक साडेसोळाशे मीटरवर आहे आणि चांगूला जाताना आपण काही तासांत दोन हजार मीटर चढतो, हे आईंच्या दृष्टीने गैरसोयीचे. लेह हिवाळ्यात विलक्षण आहे. ३,५०० मीटरवर थेट विमानाने उतरून पहिले दोन दिवस नुसते पडून राहण्याची तयारी आणि उणे पंधरा-वीस अंशांची सवय असलेल्यांसाठी. तुमच्या कुटुंबासाठी ते आज नाही.

आणि फक्त थंडीच हवी असेल तर? तर महाराष्ट्र पुरेसा आहे. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटे दवबिंदू गोठतात आणि त्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. गंमत अशी की त्याच वेळी बाजारपेठेत थंडी बरीच कमी असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, तिला चिकटलेली हवा थंड व जड होते आणि उतारावरून वाहत जाऊन खोलगट भागात साचते. वेण्णा लेक म्हणजे त्या थंड हवेचे टाकेच. नाशिक जिल्ह्यातील निफाड महाबळेश्वरपेक्षा कितीतरी कमी उंचीवर असूनही राज्यातले सर्वांत कमी तापमान पुष्कळदा तिथेच नोंदले जाते, ते समुद्रापासूनचे अंतर, कोरडी हवा आणि अशाच स्वच्छ रात्रींमुळे. आईंना प्रवास झेपेल की नाही याची शंका असेल, तर या डिसेंबरात दोन रात्री महाबळेश्वरला काढाव्यात, पहाटे सहाला वेण्णा लेकवर जावे आणि त्यांना थंडी कशी मानवते ते पाहावे. काश्मीरची ती स्वस्त रंगीत तालीम होईल.

आईंविषयी आणखी. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना भेटून ‘२,६५० मीटरवर दोन रात्री आणि उणे तापमान’ असे नेमके शब्द सांगावेत. ‘काश्मीरला जातोय’ एवढेच सांगितले तर डॉक्टर ‘मजा करा’ म्हणतील. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तदाब वाढू शकतो. शिवाय तहान लागत नाही म्हणून माणसे पाणी पीत नाहीत. गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात, एक संच हातातल्या पिशवीत. आई साडी नेसत असतील तर बर्फाच्या दिवसापुरता आग्रहाने सलवार किंवा पँट घालायला लावावी. मी पाहिले आहे की, साडीचा काठ बर्फात ओढला जातो, पाणी शोषून हळूहळू पोटऱ्यांपर्यंत चढतो, आणि संध्याकाळी खोलीवर परतेपर्यंत तो पापडासारखा कडक झालेला असतो. कपड्यांचा नियम सोपा आहे: अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट. सुती बनियन आतून घामाने भिजला की वरचे सगळे व्यर्थ. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण दुपारच्या उन्हात कोट काढावाच लागतो आणि मग आत काहीच नसते. गॉगल मुलीलासुद्धा हवाच; ताज्या बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे रात्री चुरचुरतात.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक गटाला निघण्याआधी आणि पोहोचल्यावर, अशी दोनदा सांगतो. खोलीत कोळशाची शेगडी, कांगडी (निखाऱ्यांची छोटी हातशेगडी) किंवा लाकडाची बुखारी (धुराच्या पाइपची लोखंडी शेगडी) असेल तर झोपण्यापूर्वी ती बाहेर काढावी किंवा विझवावी, आणि बुखारीचा धूर बाहेर नेणारा पाइप सुस्थितीत आहे ना ते पाहावे. दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि त्याने गुदमरलेला माणूस झोपेतून उठत नाही. पांघरुणाखाली विजेचे ब्लँकेट झोपण्यापूर्वी अर्धा तास लावून नंतर बंद करावे. रात्रीसाठी रबरी गरम पाण्याची पिशवी सर्वांत निर्धोक.

प्रवासाची तिकिटे काढताना धुक्याचा विचार करावा. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत पंजाबपासून बिहारपर्यंतच्या मैदानावर दाट धुके असते. रेल्वेगाड्या कित्येक तास उशिरा धावतात आणि दिल्लीची सकाळची विमाने रखडतात. फेब्रुवारीत हे पुष्कळ निवळते, हाही त्या महिन्याचा एक फायदा. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान मिळाल्यास तेच घ्यावे. दिल्लीला बदलायचे असेल तर दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवावेत. रेल्वेची आवड असेल तर जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे आणि ती चिनाबवरच्या पुलावरून जाते. बर्फात जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला आणि विमानेही थांबली, तर परतीचा एक मार्ग म्हणूनही ती लक्षात ठेवावी. मोबाइलबाबत एक जुनी अडचण अजून आहे: बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. घरात निदान एकाचे पोस्टपेड असावे, आणि ते आईंच्या फोनमध्ये नव्हे तर जो सामान सांभाळतो त्याच्या फोनमध्ये.

पैसे भरण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी विमान, कारण त्याचे भाडे चढत जाते. मग गुलमर्गच्या दोन रात्री. श्रीनगर शेवटी, तिथे खोल्यांची वानवा नसते. रस्ता बंद पडून पोहोचता आले नाही तर पैसे परत की पुढची तारीख, हे हॉटेलकडून लेखी घ्यावे. एका वर्षी मी स्वतः एका हॉटेलच्या तोंडी शब्दावर विसंबलो आणि अकरा माणसांच्या दोन रात्रींचे पैसे बुडाले. निघण्याच्या पाच दिवस आधीपासून हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज रोज पाहावा. त्याआधीच्या अंदाजांवर रात्रीची झोप घालवू नये. आणि बर्फ आहे का, हे हॉटेलवाल्याला विचारायचेच असेल, तर त्याला खिडकीतून आत्ताचा व्हिडिओ काढायला सांगावा आणि त्यात आजची तारीख तोंडाने बोलायला सांगावी. जो हसून लगेच पाठवतो, त्याच्याकडे उतरावे.